क्रूझवर 'टस्कनी'चं जेवण मिळतं, मग बीडच्या हायवेवर बीडचं जेवण शोधावं का लागतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने महाराष्ट्रात दोन उद्घाटनं झाली.

पहिलं १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. बीड ते अहिल्यानगर रेल्वे सुरू झाली. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला होता. 'आमच्या गावाला रेल्वे कधी येणार' असं विचारणारी पोरं बाप झाली, तेव्हा कुठे बीडच्या स्टेशनवर गाडी लागली.

दुसरं २० सप्टेंबरला. पंतप्रधान नरेंद्र मोदींनी गुजरातमधल्या भावनगरच्या कार्यक्रमातून मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन केलं. एका वेळी पाच जहाजं आणि वर्षाला १० लाख प्रवासी सांभाळता येतील, अशी त्याची क्षमता सांगितली जाते. त्याआधी वर्षभर, म्हणजे ३० सप्टेंबर २०२४ ला, केंद्र सरकारने 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं होतं. २०२९ पर्यंत देशातले क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे, हे त्याचं उद्दिष्ट.

आता तुम्ही म्हणाल, बीडच्या डेमूचा आणि मुंबईच्या क्रूझचा संबंध काय?

संबंध ताटाचा आहे. लोक फिरायला लागले की जेवायला लागतात. आणि बाहेरून आलेल्या माणसाला आपल्या भागाचं जेवण पैसे घेऊन कसं खाऊ घालायचं, याचं गणित क्रूझवाल्यांनी पक्कं बसवलंय. बीडमध्ये ते गणित अजून मांडलंच गेलेलं नाही. ते का, हे समजून घ्यायचं तर आधी जहाजावर काय चालतं ते बघावं लागेल.

क्रूझवरचं 'स्पेशालिटी' हॉटेल म्हणजे काय?

मोठ्या क्रूझवर जेवण तिकिटातच धरलेलं असतं. एक मोठा डायनिंग हॉल, एक बुफे, हवं तेवढं खा. पूर्वी एवढंच असायचं. ठरलेली वेळ, ठरलेलं टेबल, ठरलेला मेनू.

१९९० च्या सुमाराला यात बदल सुरू झाला. त्या वर्षी पाण्यात उतरलेल्या 'क्रिस्टल हार्मनी' या जहाजावर मुख्य हॉलशिवाय दोन वेगळी हॉटेलं होती. एक इटालियन, त्याचं नाव 'प्रेगो', आणि दुसरं जपानी, 'क्योटो'. पुढे प्रत्येक कंपनीने हेच केलं. आज काही कंपन्या अशा हॉटेलांसाठी वेगळे पैसे घेतात, काही ते तिकिटातच धरतात पण टेबल आधी राखून ठेवावं लागतं.

यातली खरी गंमत नावांमध्ये आहे.

'ओशिएनिया' कंपनीच्या जहाजांवर 'टोस्काना' नावाचं हॉटेल असतं. टोस्काना म्हणजे टस्कनी, इटलीतला एक प्रांत. इटालियन म्हणून भागलं असतं, पण त्यांनी प्रांत निवडला. 'कार्निव्हल' कंपनीच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मार्डी ग्रा' जहाजावर न्यू ऑर्लिन्स या एका शहराच्या खाण्याचं हॉटेल आहे. ब्रिटनच्या 'पी अँड ओ' कंपनीने २०१० मध्ये 'अझुरा' जहाजावर 'सिंधू' नावाचं भारतीय हॉटेल काढलं. मेनू बनवला जमशेदपूरचे शेफ अतुल कोचर यांनी.

म्हणजे सूत्र असं आहे की भाग जितका छोटा, तितकं नाव ठसतं. 'सगळं मिळेल' ही पाटी बुफेची. जास्त पैसे मोजायला लावते ती 'इथे एवढंच मिळेल, आणि दुसरीकडे मिळणार नाही' ही पाटी.

आपल्याकडेही याची चुणूक दिसते. २००४ मध्ये सुरू झालेल्या 'डेक्कन ओडिसी' या आलिशान रेल्वेतल्या जेवणाच्या डब्यांना 'पेशवा' नाव दिलंय. डब्यातल्या थाळीलाही एक इतिहास आणि एक प्रदेश लागतो, हे तिथे कळलेलं होतं.

आता बीडच्या रस्त्यावर या

धुळे-सोलापूर महामार्ग गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जिल्ह्याच्या मधून जातो. या रस्त्याने जाताना हॉटेलांच्या पाट्या वाचत जा. 'पंजाबी ढाबा', 'कोल्हापुरी तडका', 'खानदेशी', 'साउथ इंडियन', 'चायनीज', आणि या सगळ्यांवर मोठ्या अक्षरात 'अस्सल गावरान'. गावरान म्हणजे कुठल्या गावचं, हे पाटीवर नसतं.

'बीडचं जेवण' किंवा 'बालाघाटी थाळी' असं लिहिलेली पाटी शोधावी लागते.

हे काही बीडमध्ये कोणी येत नाही म्हणून झालेलं नाही. परळीला वैजनाथ आहे, बारा ज्योतिर्लिंगांतलं एक स्थान मानलं जातं. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे महाराष्ट्राबाहेरूनही भाविक येतात. अंबाजोगाईची योगेश्वरी ही कोकणातल्या असंख्य कुटुंबांची कुलदेवता आहे, त्यामुळे रत्नागिरी, पुणे, मुंबईपासून लोक पिढ्यान् पिढ्या दर्शनाला येतात. विवेकसिंधूकार मुकुंदराजांची समाधी तिथेच आहे.

म्हणजे गिऱ्हाईक आहे. ते दर्शन घेतं, पनीर मसाला खातं आणि परत जातं.

याच रस्त्याने बीड ओलांडून धाराशिव जिल्ह्यात शिरलं की मात्र एक वेगळं चित्र दिसतं. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा. लोक गाडी थांबवून नाव घेऊन मागतात. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय टॅगही मिळाला. गाव, पदार्थ आणि रस्ता या तिन्ही गोष्टी जुळल्या की नाव होतं, याचा पुरावा बीडच्या शेजारीच आहे.

एखाद्या भागाचं जेवण हॉटेलात पोचतं कसं?

'चव चांगली असते म्हणून' हे उत्तर अर्धवट आहे. चव सगळीकडेच असते. हॉटेल उभं राहतं ते गाव सोडून गेलेल्या माणसामुळे.

मालवणी घ्या. कोकणातला माणूस मुंबईच्या गिरणीत आला. एकटा आला, दहा बाय दहाच्या खोलीत दहा जणांबरोबर राहिला. स्वयंपाक करणार कोण? मग गिरणगावात खानावळी सुरू झाल्या. महिन्याचा पगार झाला की खानावळवाल्या बाईचे पैसे चुकते व्हायचे. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. मालवणी जेवण मुंबईत रुजलं, त्यामागे अशा खानावळींतली रोजची मेहनत आहे.

उडुपीचंही तेच. दक्षिणेतून आलेल्या नोकरदारांना घरच्यासारखं जेवण हवं होतं. माटुंग्याचं रामा नायक यांचं उडुपी १९४२ पासूनचं आहे. नागपूरचं सावजी जेवण हलबा कोष्टी या विणकर समाजाचं. वस्तीतल्या घरगुती चुलीवरून ते खानावळीत आलं आणि तिथून शहरभर गेलं.

आणि सगळ्यात भारी उदाहरण जहाजाचंच आहे. ब्रिटनमध्ये ज्याला 'इंडियन रेस्टॉरंट' म्हणतात, त्यातली बहुतेक हॉटेलं आजच्या बांगलादेशातल्या सिल्हेटच्या लोकांनी काढली. ही मंडळी मुळात इंग्रजांच्या जहाजांवर खलाशी होती. इंजिनच्या खोलीत कोळसा टाकायचं काम करायची. लंडनच्या बंदरात उतरली, तिथेच राहिली आणि चहा-जेवणाची दुकानं टाकली. ज्या जहाजांवर ते राबले, त्याच ब्रिटनच्या जहाजांवर आज 'सिंधू'सारख्या हॉटेलात करीसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

या सगळ्यांत तीन गोष्टी सारख्या आहेत. माणूस शहरात गेला. त्याच्या हातात महिन्याला रोख पैसा आला. आणि त्याच्याजवळ चूल नव्हती.

बीडचा माणूसही गाव सोडतो, पण कुठे जातो?

बीड हा स्थलांतर करणाऱ्यांचाच जिल्हा आहे. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या आसपास लाखो ऊसतोड कामगार बीड आणि शेजारच्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती सहा महिने राबून फेडायची.

आता वरच्या तीन गोष्टी लावून बघा.

हा माणूस शहरात जात नाही, उसाच्या फडात जातो. महिन्याचा पगार नसतो, पैसा आधीच उचललेला आणि घरी खर्च झालेला असतो. आणि चूल तो सोबत घेऊन जातो. पाचटाच्या कोपीसमोर तीन दगड मांडले जातात. बाई पहाटे उठून दिवसभराच्या भाकरी थापते आणि मग फडात जाते. खानावळ लागतच नाही, कारण खानावळ चालवायचं काम त्या बाईच्याच अंगावर असतं, तेही बिनपैशाचं.

कोकणातला गिरणी कामगार आपली चव मुंबईच्या बाजारात घेऊन गेला. बीडच्या ऊसतोड कामगाराची चव उसाच्या फडातून बाहेरच पडली नाही.

याला इतिहासाची जोड आहे. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या काळात मोठं शहर म्हणजे हैदराबाद. दरबार तिथे, खानसामे तिथे, नाव तिथल्या पदार्थांचं झालं. हैदराबादी हलीमला २०१० मध्ये जीआय मिळाला, बिर्याणीला टॅगची गरजच पडली नाही. मराठवाड्यात राजेशाही छाप उरली ती औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, नान-खलियावर. बीडच्या वाट्याला ना राजधानी आली, ना बंदर, ना गिरण्या, ना फार काळ रेल्वे. जेवण बाहेर नेणारी एकही वाट नव्हती.

तिसरं कारण थोडं टोचणारं आहे. ज्वारीची भाकरी हे दुष्काळी भागातलं, गरिबाचं अन्न मानलं गेलं. पाव्हणा आला की पोळी करायची, भाकरी नाही. ज्या घरात पाव्हण्याला भाकरी वाढायचा संकोच वाटतो, त्या घरातला मुलगा हॉटेल काढतो तेव्हा मेनूवर पनीरच लिहितो.

मग बीडच्या ताटात असतं तरी काय?

यादी करायला बसलं तर मेनू कार्ड भरतं.

सकाळच्या नाश्त्याला 'सुशीला'. भिजवून पिळलेले चुरमुरे, कांदा-मिरचीची फोडणी, वरून डाळ्याचं आणि शेंगदाण्याचं कूट. पोह्यांचा भाऊ म्हणता येईल. मराठवाड्यात घरोघरी होतो, मराठवाड्याबाहेर नाव सांगितलं तर लोक बाई समजतात.

जेवणात येसराची आमटी. धान्य, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं येसर घरात बरणी भरून ठेवलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत मोठ्या पातेल्यात उकळणारी ही आमटी आणि तिच्यात चुरलेली भाकरी, हे मराठवाड्याचं अस्सल लग्नाचं जेवण. शिवाय हुलग्याचे शेंगोळे, दह्यासोबत धपाटे, अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या, आंबील, ठेचा.

मोसमाचं तर वेगळंच कॅलेंडर आहे. पावसाळा सरता सरता बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्येच जीआय मिळालाय, धारूर-अंबाजोगाईच्या माळावर खडकातून ही झाडं उगवतात. मग तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे येळवशीला, लातूर-धाराशिवसोबत बीडच्या अंबाजोगाईकडच्या भागातही अख्खं गाव शेतात जेवायला जातं. ओले दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आंबील. आणि त्याच्या आगेमागे ज्वारीच्या कोवळ्या कणसांचा हुरडा.

क्रूझवर शेफला 'टस्कनी' उभी करायला नकली खांब आणि वेली लावाव्या लागतात. इथे शेतच हॉटेल आहे.

पण इथेच मोठी अडचण आहे. हुरड्याचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. ऊसतोडीचा मोसम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे बीडचं जेवण ज्या काळात सगळ्यात चांगलं असतं, नेमक्या त्याच काळात ते रांधणारे हात हजारो घरांना कुलूप लावून सांगली-कोल्हापूरच्या फडात असतात. गावात म्हातारी माणसं उरतात.

म्हणून 'बीडचं जेवण ब्रँड का झालं नाही' हा प्रश्न चवीपुरता राहत नाही. रोजगार गावात असता, तर कदाचित हा प्रश्नच पडला नसता.

आणि 'मराठवाड्याचं जेवण' म्हणजे नक्की कोणाचं?

प्रादेशिक थाळी बनवताना एक गडबड हमखास होते. एका जातीच्या, एका थरातल्या घरचं जेवण पूर्ण प्रदेशाचं म्हणून वाढलं जातं.

मूळचे धाराशिव जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहिलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाद्यसंस्कृतीची नोंद त्यात आहे. साठवण कशी करायची, तेल-तूप नसताना चव कशी आणायची, मांस वाळवून कसं ठेवायचं, हे सगळं. 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणणाऱ्या संस्कृतीने ज्यांचं अन्न मोजलंच नाही, त्यांच्याबद्दलचं हे पुस्तक २०२४ मध्ये इंग्रजीत आलं आणि देशभर त्यावर बोललं गेलं.

बीड शहरात मुस्लिम वस्तीही मोठी आहे आणि तिथल्या स्वयंपाकाला निजामकाळाची वळणं आहेत. त्यामुळे उद्या कोणी 'बीड थाळी' लावली आणि त्यात भाकरी, पिठलं, ठेचा एवढंच वाढलं, तर ती अपुरी असेल. टस्कनीच्या नावाखाली पिझ्झा विकण्यासारखंच ते होईल.

आत्ता काय बदलतंय?

चार गोष्टी एकाच वेळी घडतायत.

एक, ज्वारीची पत वाढली. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, डॉक्टर मंडळी भाकरी खायला सांगायला लागली. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये जीआय होताच, २०२४ मध्ये जालन्याच्या दगडी ज्वारीला आणि लातूरच्या बोरसुरी तूरडाळीलाही मिळाला. गरिबाचं म्हणून हिणवलेलं धान्य शहरात भाव खायला लागलं.

दोन, स्थलांतराची दिशा बदलतेय. बीडची पोरं-पोरी स्पर्धा परीक्षेसाठी आणि नोकरीसाठी पुण्यात जातात. पेठांमध्ये कॉट बेसिसवर राहतात, मेसचा डबा लावतात. शहर, महिन्याला ठरलेले पैसे आणि जवळ चूल नाही. गिरणगावातल्या त्याच तीन अटी, फक्त शंभर वर्षं उशिरा. बीडच्या जेवणाची पहिली मोठी हॉटेलं बीडच्या आधी पुण्यात उभी राहिली, तर आश्चर्य वाटायला नको.

तीन, हुरडा पार्टी. शहरातली कुटुंबं शेतात जाऊन हुरडा खायला पैसे मोजतात, हे आता नवीन राहिलेलं नाही. महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं, त्यानुसार शेतकऱ्याला नोंदणी करून असं केंद्र चालवता येतं.

चार, रेल्वे. रेल्वेची २०२२ पासून 'एक स्थानक, एक उत्पादन' नावाची योजना आहे. स्टेशनवर स्थानिक वस्तू किंवा पदार्थ विकायला बचत गटांना, कारागिरांना स्टॉल मिळतो. शिवाय छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. त्यात बीडसाठी निवडलेलं पीक सीताफळच आहे. बीडच्या फलाटावर सीताफळाचा गर, येसर आणि धपाटे विकायला कागदावर तरी अडचण नाही.

गाडी अडते कुठे?

अडते ती पैशांच्या वाटणीत.

क्रूझच्या धंद्यातली एक बाजू जाहिरातीत दिसत नाही. वर डेकवर टस्कनी वाढली जाते, खाली भटारखान्यात आठ-दहा देशांतले कामगार महिनोन् महिने राबतात. त्यात गोव्याची आणि मुंबईची पोरंही असतात. ज्या प्रदेशाचं नाव हॉटेलला दिलंय, तिथल्या शेतकऱ्याच्या खिशात त्या नावाचा एक पैसा जात नाही. नाव प्रदेशाचं आणि नफा कंपनीचा, असा तो सरळ हिशेब आहे.

बीडमध्येही तसंच होऊ शकतं. उद्या बाहेरचा कोणी भांडवलवाला हायवेवर बैलगाडीचं चाक, कंदील आणि घोंगडी लावून 'मराठवाडा वाडा' काढेल. भाकरी थापायला गावातलीच बाई असेल, रोजंदारीवर. ज्वारी होलसेल बाजारातून येईल, ती कुठलीही असेल. गिऱ्हाईक बाहेर पडताना फोटो काढेल, आणि धारूरच्या सीताफळवाल्याला त्याची गंधवार्ता नसेल.

दुसरा धोका सरसकटीकरणाचा. 'व्हेज कोल्हापुरी'चं काय झालं ते आठवा. कोल्हापुरात जे घरी कोणी बनवत नाही, ते लालभडक काहीतरी देशभरातल्या मेनू कार्डवर त्या नावाने विकलं जातं. नाव मोठं झालं, पण पदार्थ दुसराच निघाला. येसराचंही पाकीट निघेल, पण त्यात काय असावं हे मराठवाड्यातल्या बायकांनी ठरवून लिहून ठेवलं नाही, तर ते कुठल्यातरी मसाला कंपनीत ठरेल. जीआय टॅगचा खरा उपयोग इथे असतो. तो नुसता मिळवून भिंतीवर लावायचा कागद नाही. नोंदणी केलेल्या उत्पादकालाच ते नाव वापरता यावं, यासाठी तो असतो. बीडच्या सीताफळाला टॅग मिळून इतकी वर्षं झाली, तरी रस्त्याच्या कडेला पाटीत भरून विकणाऱ्या बाईला त्यामुळे दोन रुपये जास्त मिळाले का, हे विचारायला हवं.

तिसरी गोष्ट मोसमाची. हे जेवण बारा महिने एकसारखं मिळणारच नाही. हुरडा जूनमध्ये नसतो, सीताफळ मार्चमध्ये नसतं. क्रूझवाला हा दोष मानणार नाही, उलट याचेच जास्त पैसे लावेल. 'आत्ताच मिळेल, नंतर नाही' ही धंद्यातली सगळ्यात जुनी युक्ती आहे. पण त्यासाठी मोसमात रांधणारी माणसं गावात हवीत.

सगळं गणित शेवटी इथेच येऊन थांबतं. एका कोयत्याची सहा महिन्यांची उचल आणि गावात राहून हुरडा, धपाटे, येसर विकून मिळणारे पैसे, या दोन आकड्यांत दुसरा आकडा मोठा झाला तरच ती जोडी घरी थांबेल. थाळीने ऊसतोड संपेल असं कोणी म्हणणार नाही. पाणी, शेती, कारखाने, कर्ज असे मोठे प्रश्न त्यात आहेत. पण गिरणगावातल्या खानावळवाल्या बाईला बँकेचं छोटं कर्ज मिळाल्यावर ती सावकाराच्या पाशातून सुटली होती, हेही खरं आहे. बीडच्या बचत गटातल्या बाईला स्टेशनवरचा एक स्टॉल किंवा परळीच्या मंदिराच्या वाटेवरचा एक गाळा मिळाला, तर सुरुवात तिथून होऊ शकते.

मुंबईच्या टर्मिनलवर जहाजं लागत राहतील, त्यांच्यावर नवनव्या प्रांतांच्या नावाची हॉटेलंही येतील. बीडसाठी मात्र परीक्षा फार साधी आहे. येत्या डिसेंबरात कोणी अहिल्यानगरहून गाडी पकडून बीडला उतरला आणि 'इथलं काय खायला मिळेल' असं विचारलं, तर रिक्षावाल्याने त्याला कुठे न्यायचं? रिक्षावाल्याला पत्ता माहीत असेल आणि तिथल्या चुलीमागची बाई स्वतः गल्ल्यावरही बसलेली असेल, तर बीडचं जेवण हॉटेलात आलं असं म्हणता येईल.